आपण, तुम्ही, तू आणि पाचशे नव्वद रुपये

थकलेल्या कर्जाची वर्गवारी रिझर्व्ह बँकेच्या नियमांत दिवसांवर ठरते. हप्ता चुकल्यापासून ३० दिवसांपर्यंत एक वर्ग, ३१ ते ६० दुसरा, ६१ ते ९० तिसरा, आणि नव्वदी उलटली की खातं ‘अनुत्पादक’. त्यातल्या पहिल्या तिन्ही वर्गांना मिळून ‘स्पेशल मेन्शन अकाउंट’ म्हणतात. विशेष उल्लेखनीय खातं! शाळेत मी वक्तृत्व, चित्रकला, गीतापठण, बटाटाशर्यत या सगळ्यांत नाव दिलं होतं. कधी उत्तेजनार्थसुद्धा मिळालं नाही. वयाच्या एकावन्नाव्या वर्षी, काहीही न करता, किंबहुना काहीतरी न केल्याबद्दलच, माझा विशेष उल्लेख झाला.

अर्थात ही वर्गवारी बँकेच्या सोयीची. ज्याला फोन येतात त्याला दिवस मोजत बसावं लागत नाही, त्याला ते सर्वनामावरून कळतं. पलीकडून ‘आपण’ ऐकू येतंय तोवर आठवडा उलटलेला नाही. ‘तुम्ही’ आलं की समजावं, आपली फाइल दुसऱ्या टेबलावर गेली. आणि एके दिवशी अनोळखी आवाज थेट ‘तू’वर येतो. आयुष्यात मला तू म्हणणारी माणसं एकेक करून कमी होत चालली आहेत. त्यात अशी भर पडेल असं वाटलं नव्हतं.

सुरुवात ‘आपण’पासून झाली होती. दिवाळीचा पाडवा, शोरूममध्ये झेंडूच्या माळा, सॅटिनच्या कापडाखाली झाकलेली गाडी, आणि फोटोसाठी हातात दिलेली दीड फुटी पुठ्ठ्याची किल्ली. त्याच्या आठ दिवस आधी कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीत कर्जवाला मुलगा मला म्हणाला होता, “सर, आपलं सिबिल ७९२ आहे. आपल्यासारखं प्रोफाइल आम्हाला रोज बघायला मिळत नाही.” ९०० पैकी ७९२. दहावीला मला चौपन्न टक्के होते. घरी त्याचे पेढे वाटले नव्हते, पण निदान रडारडही झाली नव्हती. पुढे कळलं, की या परीक्षेत गुण ३०० पासूनच सुरू होतात, म्हणजे ‘ढ’ मुलालाही ३०० मिळतात. पण त्या दिवशी मी फुगलो होतो. संस्कृतात ‘व्याज’ म्हणजे बहाणा, कपट. व्याजस्तुती हा अलंकार शाळेत उदाहरणांसह पाठ केला होता, आणि आता जिवंत उदाहरण समोर टाय लावून बसलं होतं, तरी मला ओळखता आलं नाही. सहा लाख, साडेनऊ टक्के, सात वर्षं. हप्ता ९,८०६. असे ८४ भरले की एकूण ८,२३,७०४, त्यातली स्तुती २,२३,७०४ रुपयांची.

सह्या किती केल्या ते मोजलं नाही. शेवटी शेवटी माझी सही माझ्यासारखी दिसेनाशी झाली होती. एका पानावर चौकट होती: सोबत न राहणाऱ्या एका नातेवाइकाचं नाव आणि फोन. मी मामाचा नंबर लिहिला. कारण इतकंच, की तो एकच नंबर मला पाठ आहे. मामा चिपळूणला असतो, पोस्टातून निवृत्त झालाय, आणि त्याने उभ्या आयुष्यात घेतलेलं एकमेव कर्ज म्हणजे १९८४ साली शेजाऱ्याकडून आणलेली अर्धी वाटी साखर, जी त्याने संध्याकाळच्या आत परत केली होती. हे पुढे महत्त्वाचं ठरणार आहे.

डोंबिवलीत राहून फोर्टला नोकरी करणाऱ्या माणसाने गाडी का घ्यावी, हा प्रश्न कृपया विचारू नका. घरातही तो आता कुणी विचारत नाही. गाडी सोसायटीत राखाडी कव्हरखाली झोपलेली असते. महिन्यातून एकदा तिला हवा भरायला नेतो, आणि एकदा कल्याणला सासुरवाडीला न्यायचं ठरतं, पण तिथे गाडी लावायला जागा नसते म्हणून आम्ही रिक्षाने जातो. गाडी झोपते, हप्ता मात्र दर पाच तारखेला पहाटे उठून, तोंड धुऊन, खात्यातून चालायला लागतो.

एकोणीस महिने तो बिनतक्रार चालला. विसाव्या महिन्यात ऑफिसने पगाराची बँक बदलली. पगार नव्या खात्यात आला, हप्ता जुन्या खात्यावर गेला, आणि दोघांची चुकामूक झाली. जुन्या खात्यात ४१२ रुपये होते. हप्ता ‘बाऊन्स’ झाला. हा शब्द मी तोवर फक्त क्रिकेटमध्ये ऐकला होता आणि तिथेही मी हेल्मेटशिवाय खेळलेलो नाही. कर्ज देणाऱ्या कंपनीने ५९० रुपये लावले: ५०० दंड, ९० कर. जुन्या बँकेनेही ५९० लावले, पण खात्यात होते ४१२. ते तिने काढून घेतले आणि राहिलेले १७८ माझ्या नावावर बाकी लिहून ठेवले. जो व्यवहार झालाच नाही, त्याचे एकूण ११८० रुपये.

सात तारखेला लक्षात आल्याबरोबर मी ॲपवरून ९,८०६ भरले, स्क्रीनशॉट काढला, बायकोला दाखवला आणि झोपलो. खरं म्हणजे लेख इथेच संपायला हवा होता.

पहिला फोन आईने घेतला. तो माणसाचा नव्हता, यंत्राचा होता. हल्ली कंपन्यांनी बोलणारी यंत्रं ठेवली आहेत. ती प्रश्न विचारतात, थांबतात आणि पुन्हा तोच प्रश्न विचारतात. आईला यातलं काही माहीत नव्हतं. तिने त्या मुलीला, तू कुठली, लग्न झालं का, इतक्या उन्हाचं ऑफिसला बोलावतात का, असं सगळं विचारलं. पलीकडून दर वेळी शांतता आणि मग “आपण आज पेमेंट करू शकाल का?” संध्याकाळी आई म्हणाली, “तुझ्या ऑफिसातली कोण ती, गुणी आहे हो मुलगी. मध्ये तोंड घालत नाही.”

मग खरी मुलगी आली. आवाज विदर्भातला, गोड, आणि पाठीमागे आणखी साठ-सत्तर जण एकाच वेळी तगादा लावत असल्याचा गलका, लग्नाच्या पंगतीसारखा.

“सर, आपला एक हप्ता पेंडिंग दिसतोय.”

“मी सात तारखेलाच भरलाय.”

“हो सर. मग कधीची डेट टाकू?”

“कसली डेट? भरलाय म्हटलं ना.”

“बरोबर आहे सर, पण सिस्टिममध्ये पेंडिंग आहे. मला पीटीपी टाकल्याशिवाय कॉल बंद करता येत नाही.”

पीटीपी म्हणजे वायदा. अमुक तारखेला भरीन असं आपण कबूल करायचं आणि तिने ते चौकटीत लिहायचं. चौकट भरली नाही तर तिच्या पगारात काहीतरी होतं. ती इतकी अजिजीने सांगत होती, की मला तिची दया आली. मी म्हणालो, “टाका शुक्रवार.” माझी मोठी चूक झाली ती इथे, गाडी घेतली ती यापुढे काहीच नाही. कारण शुक्रवार गेला, आणि शनिवारी जो फोन आला तो थकबाकीदाराला नव्हताच. तो वायदा मोडणाऱ्याला होता.

“तुम्ही स्वतः कमिटमेंट दिली होती,” नवा आवाज म्हणाला. पुरुषाचा, कोरडा. “रेकॉर्डिंग आहे आमच्याकडे.”

भरलेल्या पैशांचा वायदा करून तो मोडणारा मी महाराष्ट्रातला पहिलाच माणूस असावा.

यानंतर फोन निरनिराळ्या शहरांतून येऊ लागले. दर वेळी नवा नंबर, नवा आवाज आणि तीच कथा पहिल्यापासून. मी स्क्रीनशॉटचं वर्णन इतक्या वेळा केलं, की तो मला पाठ झाला. त्यात वर कोपऱ्यात बॅटरी ३४ टक्के आहे हेसुद्धा मी सांगू लागलो. एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. पहिला फोन सकाळी आठ वाजून एक मिनिटानेच यायचा. नियमाने आठच्या आधी करता येत नाही, म्हणून बोट बटणावर ठेवूनच बसत असावेत. मध्य रेल्वेने या लोकांकडून काहीतरी शिकावं.

बाराव्या दिवशी ‘तू’ आला, आणि तो हिंदीतून आला. कर्ज मराठीत दिलं जातं, विनंती मराठीत होते, पण धमकीला हिंदी लागते, हा आपल्याकडचा जुना भाषिक संकेत असावा. तो म्हणाला, की तो तीस हजारी कोर्टातून वकील बोलतोय आणि माझ्या नावाचं वॉरंट टेबलावर आहे. आता डोंबिवलीच्या माणसाला बोलवायचं तर कल्याण कोर्ट आहे, अगदीच झालं तर ठाणं आहे. हा मला एकदम दिल्लीला नेत होता. पुढे जेव्हा थकबाकीचा खरा आकडा कळला तेव्हा मी त्यातला विनोद बायकोला सांगितला: ५९० साठी तीस हजारी. ती हसली नाही. तिला फोनवर ‘आप मिसेस बोल रही है?’ असं विचारून झालं होतं.

त्या रात्री झोप येईना, तेव्हा मी इतिहासाकडे वळलो. आपण मराठी माणसं संकटात तिकडेच वळतो. पहिला बाजीराव ज्या धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींकडून कर्ज घेत असे त्यांनाच त्याने लिहिलं होतं, की सावकारांच्या पाया पडून पडून कपाळाचं कातडं गेलं, अशा आशयाचं. मला फार बरं वाटलं. ज्याचा घोडा उत्तर हिंदुस्थानात कुणाला अडवता आला नाही त्याला धावडशीचा तगादा गाठत होता, आणि त्याच्याकडे तर लढायांचा खर्च हे कारण होतं. माझ्याकडे कव्हरखालची हॅचबॅक. मग धरणं. आज धरणं म्हटलं की आझाद मैदान डोळ्यांसमोर येतं, पण मुळात ते सावकाराचं हत्यार. येणं असलेला माणूस ऋणकोच्या दारात उपाशी बसायचा, आणि तो उठेपर्यंत आतल्यानेही जेवायचं नाही असा रिवाज. १८०९ मध्ये दौलतराव शिंद्यांच्या छावणीत राहिलेल्या ब्रॉटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या पत्रांत या धरण्याविषयी लिहून ठेवलंय. पुढे इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत, दैवी कोपाची भीती घालण्याच्या कलमाखाली, दारात धरणं धरून बसणाऱ्याचं खास उदाहरण छापलं. म्हणजे वसुलीवाल्यांना आवर घालायचा सरकारी उद्योग निदान तेव्हापासून चालू आहे. आणि तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली अशी परंपरा आहेच. पण ते सावकाराच्या बाजूचे होते म्हणून त्यांना ते जमलं. ऋणकोने आपल्या बाजूची प्रत बुडवून काही होत नाही. शिवाय माझी प्रत ईमेलमध्ये होती.

एक मात्र जाणवलं: धरण्यात सावकारही उपाशी राहायचा. त्याचं पोट त्यात गुंतलेलं असायचं.

दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये उलगडा झाला. डोंबिवलीहून सुटणाऱ्या फास्ट लोकलच्या त्या डब्यात माझी बावीस वर्षं गेली आहेत. दिवा गेलं असेल. मी दोन बॅगा आणि एका भजनी मंडळाच्या मध्ये उभा होतो, खरं म्हणजे उभा केलेला होतो. फोन शर्टाच्या खिशात वाजला. मी हात वर नेऊ शकत नव्हतो. शेजारच्याच्या कोपराने तो उचलला गेला आणि त्याच कोपराने स्पीकरही चालू झाला.

“पैसा लेते टाइम मीठा लग रहा था क्या?”

टाळ थांबले.

“भागके कहाँ जाएगा तू? तेरे घर पे लड़के भेजूँ क्या?”

सकाळच्या डोंबिवली लोकलमध्ये इतकी शांतता मी फक्त २००७ च्या विश्वचषकात बांगलादेशाकडून हरल्यावर पाहिली होती. मला वाटलं, आता ठाण्याला उतरावं आणि परत या गाडीत कधी चढू नये. तेवढ्यात पाठीमागून कुणीतरी अत्यंत चौकस आवाजात विचारलं, “कितवा हप्ता?”

आणि डबा खुलला. एकाचा होम लोनचा चुकला होता, गेल्या गणपतीत. एकाच्या घरी फोन गेला होता तो त्याच्या भावाच्या मोबाइलच्या हप्त्यासाठी. मृदंगवाल्याने आजवर कुणालाच न सांगितलेलं वॉशिंग मशीन सांगितलं. हे सगळे लोक बावीस वर्षं माझ्यासमोर अभंग म्हणत होते आणि प्रत्येकाच्या खिशात एक पाच तारीख होती.

खिडकीजवळ आमचे बँकवाले बसतात. एका सरकारी बँकेत आहेत, निवृत्तीला एक वर्ष उरलंय, आणि इतकी वर्षं परिपत्रकं वाचून त्यांच्या बोलण्यातही ‘उपरोक्त’ येतं. त्यांनी हात पुढे केला. माझा फोन डोक्यांवरून, प्रसादाच्या ताटासारखा, त्यांच्यापर्यंत पोहोचला.

“आपलं शुभनाम?” त्यांनी शुद्ध मराठीत विचारलं. “बरं. आपण कर्ज देणाऱ्या कंपनीचे नोकर की एजन्सीचे? एजन्सीचे. अधिकारपत्र आहे? वसुली एजंटला शंभर तासांचं प्रशिक्षण लागतं, २००८ पासूनचा नियम आहे, आपलं झालंय? प्रमाणपत्राचा क्रमांक सांगा, लिहून घेतो. लड़के भेजणार म्हणालात. बँकेने गाडी ओढून न्यायला गुंड पाठवायचे नाहीत असं सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २००७ मध्ये सांगितलंय, ते आपल्या एजन्सीत पोहोचलं का? आणि १२ ऑगस्ट २०२२ चं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक? सकाळी आठच्या आधी नाही, संध्याकाळी सातनंतर नाही, धमकी नाही, चारचौघांत अपमान नाही. इथे आम्ही किती जण आहोत सांगू?” त्यांनी डब्याकडे पाहिलं. “चारचौघं नाही, दोनशे तरी आहेत.”

पलीकडून थोडा वेळ काही आलं नाही. मग आवाज आला, “सर, आप गलत समझ रहे हैं.”

‘आप’! डब्यात टाळ्या पडल्या. बँकवाल्यांनी शांतपणे सांगितलं, की कंपनीकडे लेखी तक्रार जाईल आणि ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, त्यासाठी वकील लागत नाही आणि फीही नाही. फोन बंद झाला. मला राहून राहून त्या शंभर तासांचं आश्चर्य वाटत होतं. वसूल करणाऱ्याला शंभर तास शिकवतात, आणि घेणाऱ्याला पुठ्ठ्याची किल्ली देतात.

“आता स्टेटमेंट उघडा,” ते मला म्हणाले. उघडलं. त्यांनी चष्मा वर केला आणि ठाणं यायच्या आत निकाल दिला. “अहो, तुम्ही ९,८०६ भरलेत ना? त्यातले ५९० त्यांनी आधी दंडात वळते करून घेतले. हप्त्याला उरले ९,२१६. म्हणजे हप्ता ५९० ने कमी पडला, म्हणजे हप्ता अपुरा, म्हणजे हप्ता थकीत. त्यावर आणखी दंड. बरं, त्या दंडावर व्याज नाही लावता येत त्यांना, १ एप्रिल २०२४ पासून ते बंद आहे.” शेवटचं वाक्य त्यांनी माझं सांत्वन करावं तसं म्हटलं.

तर मामला ५९० रुपयांचा होता. चार शहरं, अकरा नंबर, एक यंत्र, एक वकील आणि तीस हजारी कोर्ट हे सगळं ५९० रुपयांसाठी कामाला लागलं होतं. आणि गंमत अशी, की ते मला भरता येईनात. ॲपवर ‘हप्ता भरा’ हे एकच बटण होतं आणि ते ९,८०६ च्या खाली ऐकायला तयार नव्हतं.

रविवारी मुलगा आला. ‘लड़के’ म्हणून ज्यांची भीती घातली होती ते अनेकवचन निघालं एकच, बावीस-तेवीस वर्षांचं, पाठीवर सॅक, अंबरनाथहून बाइकवर आलेलं. आमची लिफ्ट बंद होती. चौथ्या मजल्यावर येईपर्यंत त्याच्यात दरडावण्याइतका श्वास उरला नव्हता. बायकोने पाणी दिलं, मग चहा टाकला. माझं म्हणणं ऐकून त्याने मान हलवली. “असे दिवसाला चार-पाच निघतात, काका,” तो म्हणाला. काका! सर्वनामांची शिडी सोडून हा सरळ नात्यावर आला. त्याने छोट्या मशीनवर ५९० आणि वरचा किरकोळ दंड घेतला, पावती दिली, आणि जरा संकोचून म्हणाला, की घरभेटीचं पण शुल्क असतं. “पण ते मी नाही लावत. चहा घेतलाय.” जाताना त्याने पुढचा पत्ता दाखवून रस्ता विचारला. पत्ता आमच्याच समोरच्या विंगचा होता. नाव मी बघितलं. सांगणार नाही. पण गेली तीन वर्षं तो माणूस मला म्युच्युअल फंडांवर सल्ला देतोय.

खरा परिणाम खाली गेटवर झाला होता. आमच्या वॉचमनच्या रजिस्टरमध्ये ‘कुणाकडे’ आणि ‘काम’ असे दोन रकाने आहेत. मुलाने काम सांगितलं असणार ‘हप्त्याची वसुली’. वॉचमनने रकाना लहान म्हणून लिहिलं: ‘४०३, हप्ता’.

फारसीत ‘हप्ता’ म्हणजे आठवडा, सात दिवस. तिथून तो आपल्याकडे आला आणि महिन्याने भरायच्या पैशांनाही चिकटला. पण मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात त्याचा अजून एक अर्थ आहे, आणि इथे आधी तोच आठवतो. संध्याकाळपर्यंत सोसायटीत बातमी होती, की ४०३ मधून कुणीतरी हप्ता वसूल करून नेतंय. मला वाटलं होतं, नाचक्की होईल. झालं उलटंच. ज्याच्याकडून गुंड हप्ता घेतात त्याच्याकडे काहीतरी असणारच! सेक्रेटरी, जे मला मेन्टेनन्सच्या पावतीवरही नुसतं आडनाव लिहितात, ते स्वतः वर आले आणि आवाज खाली करून म्हणाले, “साहेब, काही त्रास असेल तर आपल्या ओळखीचे आहेत पोलिसांत.” माझ्या गाडीला गेलं दीड वर्ष जी स्कूटर टेकवून ठेवलेली असायची ती सोमवारी सकाळी दुसरीकडे उभी होती. कव्हरवरची धूळसुद्धा कुणीतरी झटकली होती. मी खुलासा केला नाही. ७९२ गुण मिळवूनही जे जमलं नव्हतं ते एका शब्दाने झालं होतं.

राहिला मामा. त्याला फोन दहाव्या दिवशीच गेला होता, हे मला फार उशिरा कळलं. संदर्भ म्हणून ज्यांची नावं दिली त्यांच्या खासगीपणात घुसू नये, असं त्या २०२२ च्या परिपत्रकात आहे. फोन करणाऱ्याने त्याचं आपल्या परीने पालन केलं: मामाला फोन केला, पण माझं नाव सांगितलं नाही. “आपके भांजे ने लोन लिया है, भर नहीं रहा,” एवढंच.

“कुठला भाचा?” मामाने विचारलं. “मला पाच आहेत.”

“सर, वो कॉन्फिडेन्शियल है.”

मामा पोस्टातला माणूस. अपुऱ्या पत्त्याची पत्रं पोहोचवण्यात त्याची छत्तीस वर्षं गेली. त्याने पाचही भाच्यांना एकेक करून फोन लावला आणि प्रत्येकाला एकच वाक्य म्हटलं: “मेल्या, मला सगळं कळलंय.” पुण्याचा दोन मिनिटांत कबूल झाला, त्याने बालीला जायला पर्सनल लोन काढलं होतं. नाशिकच्याने क्रेडिट कार्ड सांगितलं, आणि मग न विचारता दुसरं क्रेडिट कार्डही सांगितलं. वसईचा रडलाच. न्यू जर्सीचा म्हणाला, की त्याचं घराचं मॉर्गेज आहे, पण ते कर्ज नव्हे. मामाने त्याला ते पुन्हा एकदा मराठीत सांगायला लावलं.

पाचवा फोन मला. मी तेव्हा ऑफिसात होतो, साहेब समोर होते. मी म्हणालो, “नाही हो मामा, माझं कुठलं कर्ज!”

“बरं,” मामा म्हणाला आणि ठेवला. त्याला उत्तर मिळालं होतं.

ज्यांच्या मागे फोन लागलेले नव्हते ते चौघे कबूल झाले आणि ज्याच्यासाठी फोन आला होता तो नाही म्हणाला, हे आमच्या घराण्यात आता लग्नकार्यांत सांगितलं जाईल. मुलगा पावती देऊन गेल्यावर मी स्वतःहून चिपळूणला फोन करून सगळं सांगितलं: पगाराची बँक, ४१२, ५९०, पुन्हा ५९०, १७८, शुक्रवारचा वायदा, सगळं. मामा मध्येमध्ये “थांब, लिहितोय” म्हणत होता. त्याने एक लाल वही केली आहे म्हणे, प्रत्येक भाच्याला एकेक पान. “आणि हप्ता आता नव्या खात्यातून जाणार ना?” त्याने विचारलं. मी म्हणालो, फॉर्म दिलाय, पण बदल व्हायला पुढचा महिना उजाडेल. तोवर पैसे जुन्याच खात्यात टाकावे लागतील. तेही त्याने लिहून घेतलं.

पुढच्या महिन्याच्या चार तारखेला पहाटे पावणेसहाला फोन वाजला. आठ ते सातचा नियम मामाला लागू नाही.

“उठलास?”

“उठतोय, मामा.”

“उद्या पाच. पैसे ठेवलेस?”

“ठेवले. जुन्या खात्यात. काल रात्रीच टाकले.”

“किती?”

“९,८०६. बरोब्बर.”

पलीकडे वहीचं पान उलटल्याचा आवाज आला.

“आणि तुझ्या बँकेचे ते १७८?”

मी अंथरुणात उठून बसलो.